सात सीटा आणि आठवी अक्का

मंडळी, आज माझा सोमवार. उपासाचा आवाज हळूच निघतो, तेव्हा कान जरा पुढं करा. एकच विचारते. देवाला जायचं म्हणून आपण घरातली माणसं मोजतो ना, ती मोजणी सुरू कुणापासून होते? आणि थांबते कुणाच्या अलीकडं?

लगेच उत्तर नको! आधी दिगंबर नलवड्यांकडं जाऊ.

दिगंबरराव मोटारपंपांचे दुकानदार. भाविक असे, की शटर उघडताना शटरलासुद्धा नमस्कार! दर चैत्रात भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सगळं घर डोंगरावरच्या कुलदेवीला जायचं. यंदा म्हणाले, "स्वतःच्या गाडीनं जायचं. देवीलाही बरं वाटेल!" आता, कशानं आलात हे देवीनं कधी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

शोरूममध्ये दोन गाड्या. एक सात सीटांची, घरगुती, चकचकीत. दुसरी तेरा सीटांची व्हॅन, उंच, ऐसपैस.

धाकटा भाऊ भालचंद्र म्हणाला, "दादा, मोठी घे. सगळे मावतील."

"म्हणूनच नको!" दिगंबररावांची बायको, वैजयंतीबाई. "तेरा सीटा दिसल्या की अख्खी भावकी चढेल. आणि दारात उभी केली तर शाळेची गाडी वाटेल, भाऊजी!"

सेल्समननं विचारलं, "साहेब, घरात माणसं किती?"

दिगंबररावांनी बोटं पुढं केली. "मी, ही, आमचे दोन मुलगे. भाऊ, त्याची बायको, त्यांचा मुलगा. सात! बरोब्बर सात!"

"आणि अक्का?" भालचंद्र म्हणाला.

"अक्कांना गाडी लागते ना," वैजयंतीबाई म्हणाल्या.

भालचंद्रानं तोंड मिटलं. सात सीटांची गाडी ठरली!

ही अक्का कोण? दोघांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पंधरा वर्षांची. या दोघांना वाढवता वाढवता तिचं लग्न राहूनच गेलं. वर्षभर वाट कशाची बघायची? त्या एका दर्शनाची. बाकी काही मागणं नाही.

गाडी दारात आली. ओवाळलं कुणी? अक्कानं! बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दिगंबरराव म्हणाले, "अक्का, तुला गाडी लागते, म्हणून तुला धरलं नाही हं."

अक्कानं हातातलं ताम्हण खाली ठेवलं. मग म्हणाली, "हो रे, लागते. जा तुम्ही. माझा नमस्कार सांगा."

आणि पहाटे उठून नैवेद्याच्या पोळ्या तिनंच लाटून दिल्या!

अडीच तासांनी डोंगर आला. वैजयंतीबाई ओटीचं ताट घेऊन गाभाऱ्याशी गेल्या. म्हातारे गुरव म्हणाले, "थांबा. लेक कुठाय?"

"कुठली लेक?"

"नलवड्यांची! तुमच्या घराण्याची पहिली ओटी लेकीच्या हातची. मग सुना, मग नैवेद्य, मग तुमची पानं. दरसाल ती थोरली भरते की! तुम्ही तेव्हा कुठं असता?"

कुठं असतात? फोटो काढत!

घरी फोन लावला. अक्का म्हणाली, "भरू दे रे वैजयंतीला." गुरव मान हलवेनात. "माझ्या हातून शिरस्ता मोडायचा नाही."

आता बघा हं! पोळ्यांचा डबा मांडीवर, झाकण उघडायची सोय नाही, आणि सहा माणसं पायरीवर उन्हात. दिगंबरराव एकटेच उलट निघाले. सातांत जिला जागा नव्हती, तिला आणायला सहा रिकाम्या सीटा धावल्या!

घरी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, डोंगराच्या दिशेला तोंड करून बसलेली. उठली आणि गाडीत बसली. वाटभर काच खाली. हा मळा कुणाचा, तो ओढा कुठला, शेंगा फोडत सगळं सांगत होती.

"अक्का, लिंबू देऊ? मळमळतंय का?"

"मला कधी मळमळलं रे?"

"मग त्या दिवशी हो का म्हणालीस?"

अक्का हळूच म्हणाली, "तू सात मोजलेस. आठवीनं काहीतरी कारण द्यायला नको? उगाच तुझी मोजणी चुकली असती, चारचौघांत."

पुढचे वीस किलोमीटर दिगंबररावांना रस्ता नीट दिसला नाही म्हणतात. धूळ असेल!

ऊन उतरता उतरता अक्कानं ओटी भरली. मग डबा उघडला. परतीला माणसं आठ, सीटा सात. 'आणि अक्का?' विचारून ज्यानं तोंड मिटलं होतं, तो भालचंद्र एसटीनं आला.

तर मग, मोठी व्हॅन घ्यायला हवी होती का? छे हो! तेरा सीटा असत्या तर बारा माणसं मोजली असती आणि तेरावी सामानाला दिली असती.

हसू नका. मघापासून बघतेय मी. तिकडं दाराशी चार बायका उभ्या आहेत. आणि इथं सतरंजीवर? पिशव्या बसल्यात! त्या बायकांना विचारा, म्हणतील, "राहू दे, आम्हाला उभं राहायची सवय आहे." कुणासारखं बोलल्या?

ही माझी टाळांची पिशवी. बघा, आधी मीच उचलते. या मावशी, पुढं या. अजून पुढं. टेकलात नीट? त्या शेवटच्या ताईही बसू देत. मगच देवीचं नाव घेऊ.