गाडी मागं घ्यायची नाही

...आणि वर मलाच म्हणतात, तू फुगवून सांगतोस! तुम्हाला सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, माझ्या मेलेल्या आईची शपथ! म्हणजे आई जिवंत आहे, ठणठणीत आहे, परवाच तिनं मला चप्पल फेकून मारली, पण शपथ पक्की. वीस वर्षं वाल्या नेआग्रा या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंच्या पोटऱ्या चोळतोय मी, मला नाही ठाऊक तर कुणाला?

तर मिस्टर. आमच्याकडे प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात, मग त्याची चड्डी फाटकी का असेना. सेप्तिमियू बर्लोग! चौदा वर्षं आमच्याच गावाकडून गोल मारले, देशाकडून सात मिनिटं खेळले, त्यात चेंडू दोनदा पायाला लागला, एकदा चुकून. मग गुडघा गेला, म्हणून मिस्टर झाले. एकोणीस वर्षांत सतरा क्लब, आणि सतराही ठिकाणी हकालपट्टी! बायको, विओरिका, दर वसंतात नव्या गावात टोमॅटो लावायची, आणि टोमॅटो लाल व्हायच्या आत हे तिला बॅगा भरायला लावायचे. सतरा गावांतले शेजारी हिच्या टोमॅटोंवर पोसले हो! आणि आता अठरावा क्लब म्हणजे आपलंच गाव. शेवटचा सामना. जिंकलो तर संघ आहे त्या गटात राहील, मिस्टर गावात राहतील. विओरिकानं सांगितलं होतं, "सेप्ती, या वेळी मी बॅग भरणार नाही. तूच भर."

म्हणून मिस्टरांनी बसमध्ये चढतानाच ड्रायव्हरला, ओक्तावला, बजावलं, "काय वाट्टेल ते होऊ दे, गाडी मागं घ्यायची नाही!"

आता सामन्याला निघालेली बस मागं गेली की संघ बुडाला, हे आमच्याकडे कोंबड्यांनाही कळतं. सतरा हकालपट्ट्यांपैकी सोळा वेळा बस मागं गेली होती! सतराव्या वेळी? सतराव्या वेळी बंद पडली होती, ढकलताना वीतभर मागं सरकली. वीतभर!

आणि काय सांगू, वाटेतल्या अरुंद पुलावर समोरून गवताची गाडी. एक घोडा, वर गवताचा डोंगर, आणि डोंगरावर म्हातारा इलिसिए. ओक्ताव म्हणाला, "मिस्टर, दहा हात मागं घेतो, कुणी बघत नाहीये."

"देव बघतोय! गाडी मागं घ्यायची नाही!"

मिस्टर उतरले, टोपी काढली, गोड आवाजात म्हणाले, "बाबा, जरा मागं घ्या ना."

म्हातारा वरून म्हणतो, "घोड्याला मागं चालता येत नाही. आणि तू रे... तू तोच ना, कपच्या सामन्यात पेनल्टी आभाळात मारणारा? तो चेंडू अजून खाली आला नाही हो! मी दर पावसात वर बघतो."

मिस्टरांचे कान लाल! पण गिळलं. मग काय केलं असेल? घोडा सोडला, सगळ्या खेळाडूंना खाली उतरवलं, गवत भाऱ्याभाऱ्यानं पुलापार वाहून नेलं, मग रिकामी घोडागाडी उचलून बसच्या मागच्या बाजूला ठेवली, आणि गवत पुन्हा रचलं. का? तर म्हातारा म्हणाला, "जसं होतं तसं द्या." पाऊण तास! आमचा सेंटर फॉरवर्ड शिंकत शिंकत बसमध्ये चढला, पण बस इंचभर मागं गेली नाही.

मैदानावर पोरांचे पाय लाकडाचे! त्यात मालकाचा फोन. मालक म्हणजे व्लायकूसाहेब, सॉसेजचा कारखाना, आवाजही सॉसेज भरल्यासारखा. "बर्लोग! तो लांब्या काहीच पळत नाही, काढ त्याला!"

"साहेब, तो गोलकीपर आहे."

"मग त्याला पुढं खेळव!"

हरलो. तीन-शून्य. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत मालक मैदानामागच्या अंगणात, आमच्या बसपाशी आला, म्हणाला, "मिस्टर, मी संघ खेळायला दिला होता, हमाली करायला नाही. उद्यापासून येऊ नका." झालं! अठरा! मिस्टरांनी बसमधून आपला कोट तेवढा घेतला.

आणि अंगण हे एवढंसं, बस वळवायला जागा नाही. ओक्ताव खिडकीतून तोंड काढून बसलेला, करावं काय? तेव्हा मिस्टर स्वतः बसच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हात हलवायला लागले, "येऊ दे... येऊ दे... डावीकडे... भिंत आहे, सांभाळ... येऊ दे मागं." खिडकीतून बघत होतो मी.

बरं, एक गोष्ट मी रचली, लपवत नाही. ते तीन-शून्य. आम्ही हरलो नव्हतो हो. जिंकलो होतो! एक-शून्य, केसांत गवताच्या काड्या घेऊन. मालकानं मिस्टरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, म्हणाला, "कमाल केलीत! पण मी तरी काय करू, मिस्टर? नवा मिस्टर म्हणून माझ्या धर्मपुत्राचे गळ्यात क्लबचा मफलर घालून फोटो सामन्याआधी शुक्रवारीच काढून झालेत."

आता हे सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? म्हणून सांगताना दर वेळी मीच त्यांना हरवतो. निदान काढायला काही कारण तरी सापडतं!