त्याच नावाचा रस्ता

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही त्यातले कोण?" म्हणजे काय, त्यातले कोण? अहो, मी मी आहे! चष्म्याचं दुकान आहे माझं, सत्तावीस वर्षं एकाच स्टुलावर बसून लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणतोय. पण नाव सांगितलं की समोरचा आधी सावरून बसतो, मग मला नीट न्याहाळतो, आणि मग हळूच पुन्हा सैल होतो… ते सैल होणं मला आता पाठ झालंय. नाव काय ते मी तुम्हाला सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातलेच तिघं-चौघं "काय हो?" म्हणून उभे राहतील, आणि मग माझं बोलणं बाजूलाच राहील.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या शहरात या नावाची चार मोठी माणसं होऊन गेली. एक सर्जन. अर्ध्या शहराची पोटं त्यांनी उघडून परत शिवली. दुसरे गायक, रेडिओवर लागले की माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. तिसरा फुटबॉलचा गोलकीपर, एक अख्खा मोसम त्याने एकही गोल होऊ दिला नाही. आणि चौथे गणिताचे मास्तर, ज्यांच्या पुस्तकाने तीन पिढ्या नापास केल्या, त्यातल्या एका पिढीत मीही होतो. चौघं एकमेकांचे कोणी लागत नाहीत, चौघंही आता हयात नाहीत. नावच असं की गवतासारखं कुठेही उगवतं. पाचवा मी. माझं कर्तृत्व म्हणाल तर दमा.

त्या दम्यापासूनच सगळं सुरू झालं. मंगळवार, दुपारचे तीन, मी घरी होतो आणि माझा श्वास अडकला. हिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ही म्हणजे माझी बायको, घरीच शिवणक्लास चालवते, गळ्यात टेप घालूनच जन्माला आली असावी. तिकडून बाई विचारते, "रस्त्याचं नाव?" आता आमच्या रस्त्याला नावच नाही! चौतीस घरं आहेत, लाँड्री आहे, दिवे आहेत, खड्डे तर आहेतच, फक्त नाव नाही. नगरपालिकेत अकरा वर्षं त्यावरून भांडणं चाललीत. ही सांगतेय, "लाँड्रीवरून पुढे या, लाल गेट दिसेल, त्याच्या अलीकडे…" आणि ती बाई म्हणतेय, "ते कळलं हो, पण नाव?"

मला श्वास येत नव्हता, पण सायरन छान ऐकू येत होता. एकदा डावीकडून… एकदा उजवीकडून… एकदा मागच्या रस्त्याने लांब लांब जाताना. ही अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावली, दोन्ही हात हलवत, ओरडत. गाडी यायला पंचेचाळीस मिनिटं लागली. वाचलो, दिसतोच आहे तुम्हाला. पण नंतर दोन दिवस हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगतो, मला माझ्या दम्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी दोरा ओवला गेला. सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "कोपऱ्यावर पाटी लागली पाहिजे."

मी म्हटलं, "अगं, अकरा वर्षांत नाही झालं ते…"

"ते मला सांगू नका. पाटी कधी लागणार ते सांगा."

झालं! हे वाक्य पुढचे तीन महिने या शहरात ज्याने ऐकलं नाही असा माणूस दाखवा. नगरपालिकेतल्या कारकुनाने तर पहिल्याच दिवशी चारदा ऐकलं. त्याचा सूर कसा, तर सगळं जग त्यालाच झोपेतून उठवून विचारतंय असा… "बाऽई, नामकरण समिती असते. चार सभासद. चौघांचं एकमत लागतं. ते होत नाही. यापूर्वी सतरा नावं सुचवली, सतराच्या सतरा पडली." ही म्हणाली, "ते मला सांगू नका." पुढचं तो स्वतःच म्हणाला, "पाटी कधी लागणार, हो ना?"

आता हे चार सभासद कोण? अध्यक्ष आमचे औषधांच्या दुकानवाले. दुसऱ्या, शाळेच्या मुख्याध्यापिका. तिसरा खेळाच्या सामानाचा दुकानदार. चौथा रेडिओ दुरुस्त करणारा. चौघं कधी कशावर एक होत नाहीत, बैठकीत पंखा लावायचा की नाही यावरही त्यांचं मतदान होतं.

ही घरी आली आणि कापड कापायला बसली. कापता कापता कात्री मध्येच थांबली. ती अशी थांबली की मला धडकीच भरते. म्हणाली, "अहो, रस्त्याला तुमचं नाव देऊ या."

मी म्हटलं, "अगं, मी आहे अजून."

"तुमचं म्हणजे तुमचं नाही हो. तुमचं नाव." आणि बोटांवर मोजत सांगायला लागली. औषधवाल्यांच्या दुकानात सर्जनसाहेबांचा फोटो आहे. मुख्याध्यापिकाबाई गणिताच्या मास्तरांची लाडकी विद्यार्थिनी. सामानवाला गोलकीपरचे हातमोजे काचेच्या पेटीत ठेवतो. आणि रेडिओवाला तर गायकाचा इतका भक्त की दुसऱ्या कोणाचं गाणं लागलं तर तो रेडिओ बिघडला असं समजतो. "नुसतं नाव सुचवायचं. प्रत्येकाला वाटेल, आपलाच."

"आणि कोणी विचारलं की यातला कोणता, तर?"

"ज्याच्या डोक्यात एकच आहे, तो कोणता म्हणून कशाला विचारेल?"

तुम्हीच सांगा, अशा बाईशी छत्तीस वर्षं मी वाद कसा घातला असेल? मी घातलाच नाही.

अर्ज गेला. कारकून म्हणाला, "नियम आहे बाऽई, ज्याचं नाव द्यायचं तो मयत पाहिजे. दाखला जोडा." आणि अर्जावर बघत, "इथे पतीचं नावही तेच दिसतंय?" ही म्हणाली, "ते जिवंत आहेत, आणि तसेच राहावेत म्हणूनच पाटी पाहिजे." मग शेजारच्या जन्म-मृत्यू नोंदीच्या खिडकीवर गेली आणि काय म्हणाली असेल? "या नावाचा एक मेलेला माणूस द्या." आतला म्हणाला, "कोणता?" ही म्हणाली, "कोणताही चालेल, पण मेलेला हवा." त्याने वही उघडली. एकतीस निघाले! मी तिथे दम्याचा पंप हातात धरून उभा, आणि तो माणूस बोट फिरवत वाचतोय… या नावाचा हा गेला, या नावाचा तो गेला… एका दुपारी एकतीस वेळा मेलो हो मी. हिने वरचाच दाखला घेतला, कारण त्यातलं अक्षर बरं होतं.

मग बैठक. आम्ही मागच्या बाकावर. औषधवाल्यांनी नाव वाचलं आणि… चारही चेहरे उजळले. मुख्याध्यापिकाबाईंनी तर रुमालच काढला. "हे आधी कोणाला कसं सुचलं नाही?" सामानवाला म्हणाला, "काय हात होते हो त्यांचे!" औषधवाले म्हणाले, "हातांबद्दल तर बोलायलाच नको, माझ्या आईला त्याच हातांनी वाचवलं." सामानवाल्याला जरा नवल वाटलं, पण गोलकीपर मोठा माणूस, वाचवलंही असेल. रेडिओवाला डोळे मिटून म्हणाला, "आणि तो आवाज…" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आवाजाला आम्ही घाबरायचो, पण मनाने लोणी." चार मिनिटांत एकमताने मंजूर! कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जागा असल्यासारखं हिच्याकडे बघितलं.

मला वाटलं, संपलं. अहो, माझ्या नावाचं कधी काही एवढ्यात संपतं का?

रंगारी आला. कोपऱ्यावर शिडी लावली, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात नाव काढलं. ही खाली टेप घेऊन अक्षरांची उंची मोजतेय. आणि तो वरून विचारतो, "बाई, खाली काय लिहू? खाली एक ओळ असते, कोण होते ते." हिने तोंड उघडायच्या आत औषधवाले तिथून चाललेले. "लिही की, सुप्रसिद्ध सर्जन." रंगाऱ्याने 'सु' काढला. तेवढ्यात सामानवाला सायकलवरून उतरला. "सु? सु कशाला? 'अभेद्य गोलरक्षक' लिही." औषधवाले म्हणाले, "कोण गोलरक्षक?" तो म्हणाला, "कोण सर्जन?" मग रेडिओवाला आला, मुख्याध्यापिका आल्या… बारा वाजता शिडीखाली चार सभासद, चार मोठी माणसं, आणि वर रंगारी 'सु' पुसतोय, 'अ' काढतोय, 'अ' पुसतोय. "गाणं काय, शीळ कोणीही घालतं!" "आणि चेंडू कोणीही अडवतो!" "मास्तरांनी शिकवलं नसतं तर तुम्हाला हे चारपर्यंत तरी मोजता आलं असतं का?" त्यातच आमच्या गल्लीतले एक आजोबा माझ्याजवळ आले, पाटीकडे बघितलं, माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "फार चांगला होता हो तुमचा भाऊ." मला भाऊ नाही.

मला घाम फुटला. आता सगळे फिरणार, ठराव रद्द होणार, पाटी उतरणार. मी हिला म्हटलं, "चल घरी." ही हलली नाही. म्हणाली, "ते मला सांगू नका," आणि कारकुनाला बोलावणं पाठवलं, फाइल घेऊन ये म्हणून.

तो आला. फाइल उघडली. त्याच त्या आवाजात वाचलं, "रेकॉर्डला दाखला जोडलेला आहे तो… पाणीपुरवठा खात्यातील पंपचालक. वय ब्याऐंशी. एकोणचाळीस वर्षं नोकरी."

सामानवाला म्हणाला, "हा कोण?"

ही म्हणाली, "गेलेला आहे, नाव तेच आहे, नियमात बसतो. आणि एकोणचाळीस वर्षं तुम्हा चौघांच्या घरी रोज सकाळी पाणी आलं ना? मग ते कोणी सोडलं?"

पाटी तशीच राहिली. पण मोठ्या माणसांचे भक्त ते, पंपवाल्याखाली कसे राहतील? दुसऱ्या बैठकीत त्यांनी आपापला मार्ग काढला, आणि शब्दशः काढला. प्रत्येकाने आपल्या भागातला एकेक रस्ता धरला आणि त्याला नाव दिलं. कोणाचं? त्याचंच! जुनी नावं उतरवली आणि महिन्याभरात शहरात पाच रस्ते, पाच निळ्या पाट्या, पाचही पाट्यांवर माझं नाव. चार पाट्यांखाली कौतुकाची ओळ, आणि आमच्या पाटीखाली कोरा पत्रा. रंगारी म्हणाला, "बाई, 'पंपचालक' टाकू का?" तर समितीचा निरोप आला, ते शोभत नाही. ही म्हणाली, "राहू दे कोरी. पाटी लागली ना?" लागली होती. रोज संध्याकाळी ती कोपऱ्यापर्यंत जायची, पाटी बघून यायची, आणि त्या रात्री मी खोकलो तरी शांत झोपायची.

दोन महिने गेले. परवाच्या गुरुवारी भर दुपारी पुन्हा तोच प्रकार. श्वास अडकला. हिने फोन उचलला, आणि काय सांगू तुम्हाला, मी गुदमरत होतो तरी मला तिचा तो ताठ आवाज आवडला. रस्त्याचं नाव खणखणीत सांगितलं तिने.

तिकडून बाई म्हणाली, "यातला कोणता? सर्जन, गायक, गोलरक्षक की मास्तर?"

"त्यातला कोणताच नाही! पंपचालक!"

"पंपचालक यादीत नाही हो बाई…"

आणि मला सायरन ऐकू आला. डावीकडे. सर्जनसाहेबांकडे चालला होता. ही पांढरीफटक पडली. फोनवर ओरडली, "मला ड्रायव्हरशी बोलू द्या." ड्रायव्हर आला लाइनवर. ही म्हणते, "दादा, पाटी आहे हो, निळी, नाव तेच, पण तिच्याखाली काहीच लिहिलेलं नाही, कोरी आहे बघा, कोरी…"

"हात् तिच्या!" तो म्हणाला. "बिननावाचा रस्ता म्हणा की, काकू! या पाच पाट्या लागल्यापासून आम्ही सगळे तेच म्हणतो. आधी नाही का सांगायचं?"

सहा मिनिटांत दारात. गाडीत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि आत मी हसतोय, हसायला श्वास नाही तरी हसतोय. ही माझा हात घट्ट धरून बसलेली. "काय हसताय? आधी श्वास घ्या." मी घेतला. ती खिडकीबाहेर बघत होती. गाडी वळताना आमची पाटी गेली बाजूने. तिने मान फिरवली. मीही फिरवली, छत्तीस वर्षांत तेवढं शिकलोय.

आता क्लासला नवीन मुली येतात, पत्ता विचारतात. ही मान खाली घालून कापड कापत सांगते, "बिननावाचा रस्ता म्हणा, कोणीही आणून सोडेल. कोपऱ्यावर मोठी पाटी आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका."