बिनआवाजाचा पंखा

दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. भिंतीची ओल जावी म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा निवडत होते.

"आवाज नको हं त्याचा. त्या खोलीत आता माझं ऑफिस आहे."

"तुमच्या आई तिथे होत्या, तेव्हा का नाही बसवलात?"

"तेव्हा एवढी ओल नव्हती."

"होती. डाग दिसू नये म्हणून तुम्ही त्यापुढे कपाट लावलंत. त्यालाच लागून त्यांचा पलंग."

"आई कधी काही बोलली नाही."

"बोलणार कशा? रात्रभर खोकायच्या. तुम्ही दार ओढून घ्यायचात, झोपमोड होते म्हणून."

"दुकानात तमाशा नको."

दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं.

"हा घ्या, साहेब. दार ओढून घेतलंत की बाहेर काही म्हणता काही ऐकू येणार नाही."