चाळीस धडे आणि एक प्रेक्षक

...आणि पंखासुद्धा बंद, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणे! नकाशांच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, घामाच्या धारा पुशीत मी भूगोलाचे चाळीस धडे रेकॉर्ड केले. समोर चिटपाखरू नाही, नुसता कॅमेरा. तक्रार नाही हं माझी, पण तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं शिकवतोय, इतका मन लावून ऐकणारा वर्ग मला कधी मिळाला नव्हता!

चाळिसावा धडा संपला तशा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गोड हसून म्हणाल्या, "छान झालं हो सर! महिनाभर मुलांना घरी बघू दे. जमलं तर पुढच्या वर्षी वर्गात पडदाच लावू." मी म्हटलं, "आणि मी?" तर म्हणाल्या, "तुम्ही ना... बघू." बघू! अहो, म्हणजे आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला की मी, तोही चाळीस वेळा! या वयात भूगोलाच्या मास्तरला दुसरं कोण दारात उभं करणार? त्यात मुलं धडे दुप्पट वेगानं लावायची... पृथ्वी कशी फिरते ते सांगताना पृथ्वीपेक्षा मीच जोरात फिरतोय! तक्रार नाही हं माझी.

महिन्यानं मीटिंग. कॉम्प्युटरवाल्यानं घसा खाकरून जाहीर केलं, "सरांना एक मूल सरासरी एक मिनिट अकरा सेकंद बघतं." एक मिनिट अकरा सेकंद? तेवढ्यात माझी हजेरीसुद्धा होत नाही हो! मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "पडद्यासमोरून पळतात कार्टी. वर्गातून कुठे पळतील? सर, तुम्ही आपले वर्गातच बरे." हुश्श! अपमान झाला, कबूल, चारचौघांत झाला, पण खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं की त्या कॉम्प्युटरवाल्याला मिठीच मारणार होतो. तर तोच म्हणतो, "पण सर, एकानं मात्र चाळीसच्या चाळीस धडे शेवटपर्यंत लावलेत. काही तर तीनतीनदा!"

छाती अशी फुगली म्हणून सांगू! घरी येऊन बायकोला सांगतोय, कोण असेल गं हा गुणी विद्यार्थी, तोच आतून, सध्या आमच्याकडेच असलेले, सासरेबुवा आले. "मीच तो, जावईबापू! डॉक्टरांनी झोपेची गोळी बंद केली ना... नद्यांच्या धड्याला तर उगम सापडायच्या आत डोळा लागायचा. पण चाळीसही आता पाठ झाले हो. पाठ झालं की झोप येत नाही. नवीन काही?"

आता सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा! बसलो काल रविवारचा पुन्हा कॅमेऱ्यासमोर, पंखा बंद करून. तक्रार नाही हं माझी. विषयसुद्धा त्यांनीच निवडला. म्हणाले, "वाळवंट घ्या. तिथे काही घडत नाही."