ब्रिंग अप म्हणजे काय

द्वारकाबाई : मंग तुझ्या वाक्यावर लाल शाईनं रेघ मारायचं काय कारण? आडातून पाणी वरच आणतात की. खाली कोण नेतं?

दुर्गा : चूक म्हणून नाही मारली, आत्याबाई. शिकवणीच्या पुष्पाबाई म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे. पण परीक्षेत ‘ब्रिंग अप’ विचारलं की त्यांना बादली नको असते.

द्वारकाबाई : मंग काय पायजे असतं?

दुर्गा : लेकरू. ब्रिंग म्हणजे आणणं, अप म्हणजे वर. दोन्ही शेजारी बसले की अर्थ होतो, लहानाचं मोठं करणं.

द्वारकाबाई : आता ग बया. लेकरू काय आडात पडल्तं का?

(एकोणीसशे सत्तावन्नचा माघ सरत आलेला. जालन्यातल्या दोन खोल्यांच्या घरात जेवणं उरकली आहेत. द्वारकाबाई पाय लांब करून बसल्या आहेत आणि त्यांच्या पायांवर सात महिन्यांची नात पालथी पडून हात मारते आहे. समोर त्यांची थोरली सून दुर्गा, मांडीवर वही. वहीखाली सकाळच्या टपालानं आलेलं पाकीट. सासूला ते दाखवायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.)

दुर्गा : पुष्पाबाईंनी तीन वाक्यं मागितलीत. पुस्तकातली नकोत म्हणाल्या, घरातली पाहिजेत. पहिलं मी तुमच्यावर लिहिलंय. ‘माय मदर-इन-लॉ ब्रॉट अप फोर चिल्ड्रन.’

द्वारकाबाई : मला काय म्हन्ली त्यात?

दुर्गा : माझ्या सासूनं चार लेकरं वाढवली.

द्वारकाबाई : पाच लिही.

दुर्गा : पाच?

द्वारकाबाई : तुझा नवरा रामकिसन, त्याच्या पाठचा भुजंग, दोघी पोरी. अन् रामकिसनच्या आधीचा एक. तीन साल राह्यला. तीन साल काय हवेवर वाढला का त्यो?

दुर्गा : फाइव्ह. खोडून लिहिलं.

द्वारकाबाई : बराबर.

दुर्गा : मामंजी गेल्यावर तुम्ही एकटीनंच केलंत सगळं. तेही घालते. ‘अलोन’ म्हणतात त्याला.

द्वारकाबाई : एकटीनं कशी? म्हैस होती की. निम्मी पोरं तर तिनंच वाढवली.

दुर्गा : म्हैस लिहिली तर पुष्पाबाई पुन्हा रेघ मारतील.

द्वारकाबाई : मारू दे. तिनं पाह्यली न्हाई आमची म्हैस. ... ह्ये बघ, गुळणी टाकली हिनं. फडकं दे जल्दी.

दुर्गा : हे घ्या. आत्याबाई, हेही ब्रिंग अपच.

द्वारकाबाई : काय?

दुर्गा : बाळानं दूध वर आणलं. त्यालाही तेच म्हणतात.

द्वारकाबाई : लेकरू वाढवणं बी तेच अन् लेकरानं ओकणं बी तेच? त्या लोकायला शब्द कमी पडले का काय?

दुर्गा : अजून एक अर्थ आहे. तोच मला जमत नाही. मनात राहिलेली गोष्ट बोलण्यात आणायची. एखादा विषय काढायचा.

द्वारकाबाई : मंग सरळ सांग ना. हे तर आपलं काढणंच झालं.

दुर्गा : म्हणजे?

द्वारकाबाई : पाणी काढतो, काटा काढतो, म्हशीची धार काढतो. वाईट दिस आले तर दिस काढतो. नळावर भांडण लागलं की एकमेकीची माय काढतो. एवढी समदी काढणी, पन कुणी कुणाला इचारत न्हाई की बाई, यातलं तुझं काढणं कोणतं. ज्याचं त्याला कळतंय.

दुर्गा : तीन दिवस घोकतेय मी हे. मला नाही सुचलं. पुष्पाबाईंनाही नाही सुचलं. तुम्ही शाळेत गेला असता तर...

द्वारकाबाई : तर म्हशीकडं कोण गेलं असतं? तू तिसरं वाक्य लिही.

दुर्गा : लिहिते. ‘आय वाँट टु ब्रिंग अप अ मॅटर.’ मला एक विषय काढायचा आहे.

द्वारकाबाई : वहीत, का माझ्याकडं?

दुर्गा : वहीतच.

द्वारकाबाई : सकाळी पोस्टमन आल्ता. तू पाकीट वहीखाली घातलं. मला दोनदा चहा दिला, रोज एकदाच देतीस. किती येळ आडाभवती फिरून राह्यली. काढ आता.

दुर्गा : मॅट्रिकला बसायची परवानगी आली. मार्चच्या चार तारखेपासून. औरंगाबादला, आठ दिवस.

द्वारकाबाई : रामकिसनला ठाव हाय?

दुर्गा : अर्ज त्यांनीच भरला. म्हणाले, आईला तूच विचार, माझी हिंमत होत नाही.

द्वारकाबाई : लहानपणापासून असाच त्यो. पुढं बोल.

दुर्गा : हिला तिकडं नेता येणार नाही. पेपर चालू असताना कोण धरणार? आणि तुम्ही तर गुरुवारी गावाकडं टेंभुर्णीला निघालात. ज्वारीची काढणी, मग खळं. होळीपर्यंत तुम्हाला मान वर करता येत नाही. म्हणून मीच ठरवलं, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बसेन.

द्वारकाबाई : पुढल्या साली ज्वारी येणार न्हाई का?

दुर्गा : येईल.

द्वारकाबाई : तवर तुला दुसरं लेकरू व्हील. मंग तू म्हनशील, दोन झाली, आता कसं जावं. ज्वारी दर साल पिकती, पोरी. मी जात न्हाई गुरुवारी.

दुर्गा : भुजंग भाऊजींनी लिहिलंय, आई आल्याशिवाय बायका वावरात हलत नाहीत.

द्वारकाबाई : मी काय करती तिथं? बांधावर बसून वरडती. त्याला म्हनावं, यंदा तू वरड.

दुर्गा : इतक्या वर्षांत तुमची एक काढणी चुकली नाही. हे सांगतात, धाकट्या वन्सं दहा दिवसांच्या होत्या तेव्हाही तुम्ही वावरात होतात.

द्वारकाबाई : व्हते. कुणी घरी ऱ्हा म्हनलं न्हाई म्हनून व्हते. ते काय मिरवायचं हाय का? अंगावरचं तेवढं आजपासून कमी कर. वाटीनं पाजू आपण, गाईचं, पाणी घालून. दोन दिस रडंल. तू बी रडशील तिकडं. रडून घे, पन पेपरावर पाणी सांडू नको.

दुर्गा : तुम्हाला राग नाही आला?

द्वारकाबाई : आला की. दोन टाइम चहा पाजून इचारलं म्हनून. मी काय तहसीलदार हाय का?

दुर्गा : चुकलं माझं.

द्वारकाबाई : आता माझं एक काम कर.

दुर्गा : सांगा ना.

द्वारकाबाई : हिला निजवताना तू कानाशी कायतरी म्हनतीस. अंगाई न्हाई ती, अंगाया मला समद्या येतात. मी म्हनल्या तर डोळे टकाटका उघडे. तू ते म्हनलं की दोन मिंटात गप.

दुर्गा : अहो, ते गाणं नाही. क्रियापदांची रूपं आहेत. पाठांतर व्हावं म्हणून म्हणते मी. गो, वेंट, गॉन.

द्वारकाबाई : इंग्रजी हाय व्हय?

दुर्गा : हो.

द्वारकाबाई : मंग हळू हळू सांग. गो, येंट... पुढं?

दुर्गा : गॉन.

द्वारकाबाई : गान. आता दुसरं सांग. आठ दिस पुरलं पायजे.