आपलं का पिकाचं?

अख्ख्या आंबेगाव तालुक्यात नाकातनं नळी घालून घेताना तोंडातनं 'आई गं' न काढलेला दुसरा माणूस दाखवा, मी मिशी उतरवतो! मी रखमाजी, मुक्काम निरगुडसर, वय अडुसष्ट, हूं न्हाई की चूं न्हाई! ...आता हूं करणार कशानं म्हणा, नळी घशात, दोन्ही हात दवाखान्यातल्या मामाच्या बगलेत, आन् ती दांडगी नर्सबाई खांदा दाबून उभी. बोलायची सोयच न्हवती. पण नळी नसती ना, तरी बोललो नसतो, एवढं मात्र खरं. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू!

हसा, हसा. तुमी हसणारच, राव. पण तुमाला सांगतो, चूक माझी न्हवती, चूक त्या 'औषध' शब्दाची. आता बघा, आमच्याकडं डॉक्टरनं दिलेल्या गोळीला औषध म्हणत्यात, कांद्यावर फवारायच्या इखाला बी औषधच म्हणत्यात, आन् मी आन् गोकुळ चाळीस वर्षं ज्याला औषध म्हणत आलो ते... बघा, तुमचं डोळं लगेच चमाकलं! कळलं ना? मग झालं.

गोकुळ म्हंजी माझा शेजारी. बांधाला बांध, वयाला वय, आन् खोड्या दोघांच्या मिळून, म्हंजी करायच्या मी आन् मार खायचा त्यानं. रोज चारच्या ठोक्याला आमची बैठक विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. घरच्यांदेखत मी बांधावरनं हाळी द्यायची, "गोकुळा, औषध मारायचंय, येतोस का?" आन् हा बहाद्दर पाठीवर फवारणीचा पंप अडकवून यायचा, भर पावसात! भर पावसात औषध मारत्यात का कधी, सांगा तुमी मला? माझी शीला दारात उभी राहून म्हणायची, "आपल्या पिकाला औषध लई लागतं बाई." मी मनात म्हणायचो, किती भोळी बायको मिळाली! ती भोळी न्हवती. भोळा कोण ते मला लई उशिरा कळलं.

तर मागच्या दिवाळीनंतर गोकुळचं डोळं झालं हळदीवानी आन् पोट ढोलकीवानी. मंचरला नेला. डॉक्टरनं पोटाचा फोटू काढला, आन् चष्म्यावरनं बघत म्हणला, "काका, लिव्हर गेलंय. आता थेंब जरी घेतला, तर माझ्याकडं येऊ नका, तिकडनं तिकडंच न्यायला सांगा." त्या दिवशी चारला आला तो पंप न घेताच आला. खाली बसला, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणला, "रखमा, मला एकट्याला न्हाई जमायचं. तू पिणार आन् मी पेल्याकडं बघणार? तू सोडत असशील तर मी सोडतो. नसशील तर वत मला बी, व्हायचं ते व्हईल."

पिवळ्या डोळ्यांनी बघतोय नुसता... म्हणलं, "सोडली! ह्या घडीला सोडली, गोकुळा!" आन् तुमाला सांगतो, खरंच सोडली! अकरा दिवस. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू!

बाराव्या दिवशी हात कापाय लागलं, घास गिळंना, शीलाच्या कोंबड्यांवर वसवसाय लागलो. म्हणलं, लिव्हर गोकुळचं बिघडलंय, माझ्या लिव्हरनं कुणाचं घोडं मारलंय? त्याला कळलं न्हाई म्हंजी झालं! पण ठेवायची कुठं? जुन्नरच्या अंगाला खोडदला त्या मोठाल्या छत्र्या हायेत ना, आभाळातलं ऐकायच्या? तसलं दोन कान देवानं आमच्या शीलाला दिल्यात. मी वैरणीत बसून बूच फिरवलं की हिला चुलीपाशी ऐकू येतंय, "अवो, काय उघडलं?" घरात राहिली एकच जागा जिथं कुणी पाऊल टाकत न्हाई... औषधाची खोली. पिकाच्या औषधाची.

मग काय, पिकाच्या औषधाची एक रिकामी बाटली घेतली, सात पाण्यानं धुतली, राखंनं घासली आन् वतली आत देशी संत्रा! बाटलीवर भला मोठा लाल त्रिकोण. मी चौथी शिकलेला गडी, आमच्या वेळंला लाल त्रिकोण म्हंजी दोन पोरांवर थांबा. मी दोन बुचांवर थांबायचो. ...बरं, तीन. ह्या वयात खोटं कशाला बोलू!

साडेतीनला दोन बुचं पोटात, वरनं कच्चा कांदा दाताखाली, आन् चारला मोटारीच्या खोलीत गोकुळसंगं चहा! गोकुळ घरनं किटली घिऊन यायचा. चहा झाला की कोळसा घ्यायचा आन् भिंतीवर दोन रेघा मारायचा. "ही माझी, रखमा. ही तुझी." रोज. आन् मी काय म्हणायचो म्हाईत हाय? "माझी जरा जाड मार!" तोंडात कांदा, पोटात संत्रा, आन् भिंतीवर जाड रेघ! तवा लई हसू यायचं, राव. पोट धरून हसायचो घरी जाऊन...

गोकुळ मात्र सुधारला. डोळं पांढरंफेक झालं, पोट उतरलं, दोन-दोन भाकरी हाणाय लागला आन् गावभर सांगत सुटला, "रखमानं माझ्यासाठी सोडली, म्हणून मी जगलो." लोकं माझ्या पाया पडाय लागली! ग्रामपंचायतीनं आमचा दोघांचा सत्कार ठेवला, शाल आन् नारळ. शाल घेताना माझा तोल गेला, तर सरपंचीणबाई म्हणती, "सावकाश बाबा, वय झालं." वय! वर मला माईकसमोर उभा केला. म्हणलं, "मंडळी, आता ह्या वयात खोटं कशाला बोलू..." आन् टाळ्या! सगळ्यात मोठ्यांदा कुणी वाजवल्या, सांगू का? गोकुळनं. हाताला फोड येतील इतक्या.

असं आठ महिनं चाललं. आन् गेल्या महिन्यात एक दिवस आरती, म्हंजी माझी सून, उभ्या जन्मात त्या खोलीत न फिरकलेली बाई, मांजराची पिल्लं शोधत आत आली. माझं डोकं मागं, बाटली तोंडाला, आन् लाल त्रिकोण बरोब्बर तिच्याकडं. आशी किंचाळली, "आत्याबाई, धावा! आबांनी औषध घेतलं!" आशी किंचाळली, की उसातला बिबट्या पार पल्याडच्या शिवारात गेला आसंल!

'अगं गप, दारू हाय ती!' माझ्या ओठावर आलं व्हतं, तुमाला शपथेवर सांगतो. आन् दारात बघतो तर कोण? गोकुळ. चार वाजायला आलं व्हतं ना. हातातली किटली त्यानं तिथंच टाकली, माझं थोबाड दोन्ही हातात धरलं आन् म्हणला, "रखमा! कंचं औषध? आपलं का पिकाचं?"

काय प्रश्न हाय बघा! एका शब्दाचं काम व्हतं. 'आपलं' म्हणलो असतो तर सुटलो असतो, शीलानं चार शिव्या दिल्या असत्या, आरती तोंडाला पदर लावून हसली असती, खेळ खल्लास. पण ह्यो येडा माझ्या नाकाला नाक लावून बघत व्हता, आन् त्याच्या डोळ्यात एक पिवळी शीर राहिली न्हवती... तोंडातनं निघून गेलं, "पिकाचं."

पिकाचं! जगात असा माणूस बघितलाय का, जो म्हणतो, मी इख घेतलं समजा पण दारू घेतली समजू नका?

मग काय इचारता! ज्या माणसाला डॉक्टरनं बादली उचलायची मनाई केलीय, त्यानं मला धान्याच्या पोत्यागत खांद्यावर टाकला आन् पळत पिकअपमदी नेऊन घातला. माझं डोकं मांडीवर घेतलं आन् मंचर येईस्तोवर दर मिनिटाला थोबाडीत! "झोपू नको, रखमा! झोपू नको रं!" मी कशाला झोपतोय, मला तीन बुचांनी झोप येती व्हय? पण बोलायची चोरी. वास म्हणाल तर त्या बाटलीचाच दर्प असा की संत्रा त्यात बुडून गेलं. एक थोबाडीत, एक 'पांडुरंगा', एक थोबाडीत, एक 'पांडुरंगा'. आन् टपटप माझ्या कपाळावर पाणी. मला वाटलं पिकअप गळतीय.

पुढं नळीचं तुमाला सांगितलंच. नळीतनं जे वर आलं ते डॉक्टरनं हुंगलं, माझ्याकडं बघितलं, परत हुंगलं. म्हणला, "बाबा, हे औषध कुठल्या किडीवर मारता?" मी हात जोडलं. "साहेब, बाहेर त्यो किडकिडीत म्हातारा रडतोय ना, त्याला तेवढं सांगू नका." डॉक्टर भला, पण त्याचं ऐका काय म्हणला! "बाबा, राखेनं घासून विष जात नसतं. आठ महिने तुम्ही दारू पण पीत होता आणि औषध पण पीत होता. दोन दिवस इथंच पडा." घ्या! म्हंजी मी गोकुळला बोललो ते तितकंसं खोटं न्हवतं की!

मग हवालदार आला वही घिऊन. "बोला बाबा, कुणाचा त्रास? बायकोचा का सुनेचा?" बायको उशाला, सून पायथ्याला, दोघी रडून लाल. आता कुणाचं नाव घेऊ? म्हणलं, "गुडघ्याचा." "काय?" "गुडघं लई दुखत्यात, साहेब." लिहिलं त्यानं, 'गुडघेदुखीस कंटाळून.' हसा, हसा! तवापासनं शीला रोज दोन वेळा तेल घिऊन माझं धडधाकट गुडघं चोळती आन् चोळताना डोळं पुसती. त्यापरास तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथवर सांगायला मला मजा येती. पुढचं सांगायला येत न्हाई. आता मी खरंच सोडलीय. तीन आठवडं झालं, थेंब न्हाई, आन् ह्यावेळंला कांदा चावायचं बी कारण न्हाई. चारला मोटारीच्या खोलीत जातो, चहाचं दोन पेलं मांडतो. एक पितो. दुसऱ्यावर साय धरती. पण तुमी इश्वास ठिवा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

तर दवाखान्यातला दुसरा दिवस. दुपार. बायामाणसं जेवायला गेलेली. गोकुळ आला, घरनं भाताची पेज आणलेली, चमच्यानं मला भरवाय लागला. मी म्हणलं, "मीठ कमी हाय रं, मरणाऱ्याला आळणी पाजतोस व्हय?" हसंल म्हणलं. हसला न्हाई. पेज खाली ठिवली आन् म्हणला, "रखमा, हे माझ्यामुळं झालं. तुला सोडायला मी लावली. माझं लिव्हर बिघडलं, तुझं काय बिघडलं व्हतं? तू माझ्यासाठी आठ महिनं आतल्या आत कुढत राहिलास, आन् मी येड्यानं रोज रेघा मारल्या." मी म्हणलं, "आरं, तसं न्हाई..." तर म्हणला, "गप. मी ठरवलंय. उद्या तुला सुट्टी मिळाली की चारला आपण बसू. पहिल्यागत. तू एक घे, मी एक घेतो. डॉक्टर गेला खड्ड्यात. तुला असा मरू दिऊन मी काय दोन भाकरी गिळू?"

आन् त्यानं खिशातनं काढून दाखवलं, राव. पावशेर. संत्रा. माझी आवड!

आता सांगा. गप बसावं तर हा उद्या पेला तोंडाला लावणार. बोलावं तर... गाव हसलं तर हसू द्या, शाल परत न्या म्हणावं, नारळ तर शीलानं कवाच चटणीत घातला. पण गोकुळ? आयुष्यात मी त्याच्या चपला विहिरीत टाकल्या, लग्नात त्याच्या घोड्याला मिरची लावली, कधी कबूल केलं न्हाई. त्या दिवशी मात्र... ती बाटली मी त्याच्या हातातनं काढून घेतली, उशाखाली घातली आन् सगळं सांगितलं. बाटली, राख, बूच, कांदा, अकरा दिवस, सगळं. म्हणलं, "दारूच व्हती ती, गोकुळा. मी सोडलीच न्हवती. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू..." आन् हसलो बी जरा, सवयीनं.

गोकुळनं पेजेच्या डब्याला झाकण लावलं. ते नीट बसंना, परत काढलं, परत लावलं. टोपी घातली. दारापतुर गेला, आन् तिथनं, माझ्याकडं न बघताच म्हणला,

"मंग आठ महिनं मी कुणासंगं सोडली व्हती रं?"