ऑर्व्हिलच्या खिशातलं बटण

सन्माननीय अध्यक्ष श्री. हॉस्किन्स, व्यासपीठावरचे पाद्री महोदय, आपल्या गाडी-मंडळाचे सर्व सभासद, स्वयंपाकघरात अजून नूडल्स ढवळत असलेल्या भगिनी, आणि ज्याच्यासाठी आपण इथे जमलो तो माझा मित्र ऑर्व्हिल स्टॅम्पर, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हा गुरुजींनीही फारसं अडवलं नव्हतं. हा माइक शिट्टी मारतोय तो माझ्यामुळे का? बरं, लांब धरतो.

ऑर्व्हिल उद्या मुलीकडे ॲरिझोनाला जातोय, कायमचा. गावात सगळे म्हणतात, थंडी सोसत नाही म्हणून. तसं नाही. ऑर्व्हिलनंच मला बजावलंय, "वेंडेल, खरं काय ते सगळ्यांसमोर सांग. माझ्यामागे गुडघेदुखीच्या गोष्टी नकोत." म्हणून सांगतो, नाहीतर माझी छाती नव्हती.

गेल्या हिवाळ्यापासून तो विसरतो. शेगडी चालू राहिली, मग एकदा स्वतःच्याच गल्लीत वळण चुकलं. कोरिन आली आणि म्हणाली, "बाबा, आता एकट्यानं राहायचं नाही." हा म्हणाला, "माझ्या गाडीचं इंजिन मी एकटा बांधतो. ते नीट चाललं तर मी इथेच राहणार. नाही चाललं तर तू म्हणशील तिथे येईन." कोरिन, तू कबूल झालीस. तू मोठ्या मनाची आहेस, तुला दोष नाही.

जुना कॅमशाफ्ट झिजला होता. मी म्हटलं, "तसलाच दुसरा घाल ना! आयुष्यभर तेच बसवलेस." तर म्हणतो कसा, "तो मी झोपेतही बसवीन. त्यात परीक्षा कसली? रोलरचा घालतो, तो अजून कधी बसवला नाही. डोकं शाबूत आहे की नाही ते तरी कळेल."

आता भगिनींसाठी थोडं सांगायला हवं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला लांब दांडा. तो फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. जुन्या प्रकारात त्याचे उंचवटे किंचित तिरके घासलेले असतात, त्यामुळे दांडा फिरता फिरता आपसूक मागे रेटलेला राहतो. रोलरच्या दांड्याला तसं धरून ठेवणारं काही नसतं. म्हणून त्याच्या तोंडाशी, पुढचं झाकण लावण्याआधी, एक छोटं बटण बसवावं लागतं. नाहीतर दांडा पुढे सरकतो.

कोरिननं मला गॅरेजात स्टुलावर बसू दिलं, पण एका अटीवर. "वेंडेल काका, एक शब्द बोलायचा नाही." मी तोंड मिटून बसलो. आणि काय सांगू तुम्हाला! दांड्याच्या टोकाला धरायला लांब बोल्ट अडकवून त्यानं तो आत सोडला, झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून हात काढावा तसा. कुठे टक्कर नाही, ओरखडा नाही. मी हातांकडेच बघत राहिलो. हात कुठे काय विसरले होते? त्यांना सगळं आठवत होतं. पण आठवत होतं ते जुन्या दांड्याचं.

इंजिन सुरू झालं तेव्हा कोरिन रडली, आनंदानं. मग आतून झाकणाच्या पत्र्यावर काहीतरी घासायला लागलं. ऑर्व्हिलनं लगेच किल्ली फिरवून बंद केलं. झाकण स्वतः उघडलं, बराच वेळ आत बघितलं. मग हात हळूच शर्टाच्या खिशाकडे गेला. बटण तिथे होतं. हरवू नये म्हणून जपून ठेवलेलं.

मी ताडकन उठलो. "कोरिन, ते माझ्यामुळे राहिलं. मीच त्याला ते खिशात टाक म्हटलं."

ऑर्व्हिल म्हणाला, "गप रे वेंडेल. तुला खोटं बोलता येत असतं तर तुझी ती गंजकी व्हॅन कधीच खपली असती." मग बटण मुलीच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "चल. कधी निघायचं?"

तुम्ही हसलात, बरं केलंत. मला तेव्हा हसू आलं नाही, आताही येत नाही. सकाळी उठून मी कुठे जायचं? गॅरेज विकलं जाणार. ते स्टूल घेऊन जा म्हणाला. नुसत्या स्टुलाचं मी काय करू?

झाकण बदलून, बटण बसवून त्यानं ते इंजिन पुन्हा बांधलं. मी फक्त दिवा धरला होता. गाडी बाहेर उभी आहे, आवाज ऐकाल तर थक्क व्हाल. पण किल्ली कोरिनकडे आहे. एवढ्या लांबच्या वाटेवर तो शेजारी बसून आपल्याच इंजिनाचा आवाज ऐकत जाणार.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, भगिनींनी जेवण केलं, आपण सगळे आलात, सर्वांचा आभारी आहे. ऑर्व्हिल, काम झालं की तू नेहमी म्हणायचास, एकदा उघडून बघ, काही राहिलं असेल. माझ्या बोलण्यातही पुष्कळ राहिलं असेल. क्षमा कर. हे काही पुन्हा उघडून बघता येणार नाही.